नेहमीच्या शब्दांपासून इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

इंग्रजीची सुरुवात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दांपासून करावी, हे तत्त्व जुने आणि योग्य आहे. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्रजी अध्यापनाचे तज्ज्ञ मायकेल वेस्ट यांच्या सुमारे 2000 शब्दांच्या यादीमागे हाच विचार होता. गोव्यातील काही मराठी शाळांतून आणि शिकवण्यांतून या तत्त्वाची जी गत होते, ती पाहून मात्र वैताग येतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे यादी पाठ करून घेणे. डिचोली तालुक्यातील एका वर्गात पहिल्या शंभर शब्दांचा तक्ता भिंतीवर लावलेला होता आणि मुले तो अर्थासकट पाढ्यांसारखा घडाघडा म्हणत होती. मी एका मुलीला ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ असे विचारले. मुलीने बाईंकडे पाहिले आणि बाईंनी तक्त्याकडे. चारही शब्द तक्त्यावर होते! ‘डू’ म्हणजे ‘करणे’ एवढेच पाठ केलेल्या मुलीला, या प्रश्नात कोणी काय करायचे, हे कळावे तरी कसे? वारंवार येणारे शब्द बहुधा असेच असतात. त्यांचा अर्थ शेजारच्या शब्दांवर ठरतो. म्हणून मी सुटा शब्द फळ्यावर लिहीतच नाही. ‘हॅव’ शिकवायचा असेल, तर ‘आय हॅव अ पेन’, ‘आय हॅव अ कोल्ड’ आणि ‘आय हॅव टू गो’ ही वाक्ये आठवडाभर मुलांच्या तोंडी ठेवतो आणि अडले तर कोकणीतून समजावतो; त्यात ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी तो खुशाल मानावा.

‘द’ हा इंग्रजीतील सर्वाधिक येणारा शब्द आहे, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचे नियम सांगू नयेत.

यादीचा क्रमही तंतोतंत पाळू नये. छापील मजकुरावरून केलेल्या यादीत ‘गव्हर्नमेंट’ हा शब्द ‘स्पून’च्या कितीतरी आधी येतो, पहिलीतल्या मुलाला यांपैकी काय आधी लागते, हे सांगायला नको.

बोलताना ‘ऑफ’चा उच्चार पुसट होतो, हे सुरुवातीपासून कानावर घालावे, अन्यथा ‘अ कप ऑफ टी’मधला तो शब्द मुलांना ऐकूच येत नाही.

‘शंभर शब्दांत निम्मे इंग्रजी’ अशी जाहिरात करणाऱ्या शिकवण्यांकडे उतावीळ पालक धावतात. छापील मजकुरात हे शंभर शब्दच पुन्हा पुन्हा येऊन जवळजवळ निम्मी जागा व्यापतात, हे खरे आहे. परंतु पणजीच्या एखाद्या बातमीतून उरलेले निम्मे शब्द खोडून पाहावेत, म्हणजे काय घडले, कुठे घडले आणि कोणाच्या बाबतीत घडले, यांपैकी काहीही कळत नाही.