तीन मापं हातात आली, काटकोन आहे काय कसं बघायचं?

आमच्या बेळगावात साइट, म्हणजे घराचा प्लॉट, म्हटली की पहिलं तोंडात येतं ते ३० बाय ४०, आणि या मापाची मजा अशी की कर्ण बरोब्बर ५० फूट भरतो. म्हणजे चुना मारायच्या आधी दोघांनी टेप तिरकी धरायची, ५० आलं तर कोपरा काटकोनात, नाही आलं तर खुंटी हलवा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) पोरांनापण हेच लागतंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन मापांतलं सगळ्यात मोठं आधी बाजूला काढा. कर्ण झाला तर तोच होणार. उरलेल्या दोघांचे वर्ग करून बेरीज करा, मोठ्याचा वर्ग वेगळा करा, दोन्ही सारखे आले तर काटकोन, आणि तो मोठ्या बाजूच्या समोर. आता समजा ८, १७, १५ दिलंय. पोरं काय करतात, पेपरात ज्या क्रमानं आहे तसंच पहिल्या दोघांची बेरीज, ६४ अधिक २८९ म्हणजे ३५३, ते २२५ शी जुळत नाही म्हणून "नाही" लिहून मोकळी. अरे १७ मोठं आहे की! ६४ अधिक २२५ बरोबर २८९, जुळलं बघा.

नाही जुळलं तरी थोडं कळतंच. ५, ६, ८ मध्ये बेरीज ६१, मोठ्याचा वर्ग ६४, बेरीज कमी पडली म्हणजे कोन ९० च्या वर उघडलाय. ४, ५, ६ मध्ये ४१ आणि ३६, म्हणजे आत मिटलाय.

आकडे मोठे असले तर आधी भाग देऊन बघा, ४५, ६०, ७५ ला १५ नं भागलं की ३-४-५. हे आणि ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ पाठच ठेवा. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथातपण या जोड्या आहेत, आणि शुल्ब म्हणजे दोरी, तेव्हा गवंड्याची सुतळी काय आजची नव्हे.

खरा घोळ होतो फूट-इंचात. ४ फूट ६ इंच म्हणजे साडेचार, ४.६ नव्हे ओ! ६ फूट, ४ फूट ६ इंच, ७ फूट ६ इंच ही मापं पक्की काटकोनाची आहेत (३६ अधिक २०.२५ म्हणजे ५६.२५), पण मोबाइलवर ४.६ आणि ७.६ मारलं की एकीकडं ५७.१६ आणि दुसरीकडं ५७.७६, झालं वाटोळं. त्यापेक्षा सगळंच इंचात करा, ७२, ५४, ९०.

किती फरक चालतो म्हणाल तर टेप ताणून धरा, झोळ पडला की माप उगाच जास्त दिसतं, पाव इंच इकडंतिकडं सोडून द्या. पण ३० बाय ४० ला कर्ण ५० फूट २ इंच आला तर ३० फुटी भिंतीचं टोक अडीच इंच सरकलेलं असतं. हातभर गुण्या (गवंड्याची काटकोनी पट्टी) लावून हे दिसत नाही.

आमच्या ९ बाय १२ च्या खोलीला गवंड्यानं नुसता गुण्याच लावला होता. कर्ण १५ फूट यायला पाहिजे, मी मोजला तेव्हा १५ फूट ३ इंच, पण तोवर भिंती उभ्या. टाइल्सवाल्यानं शेवटची पट्टी कापली ती एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ पावणेचार इंच, त्यावर आता कपाट ठेवलंय.