बटणाचा फोन सोडून स्मार्टफोन देताय? मग एका वेळी एकच काम शिकवा

घरातल्या मोठ्यांना स्मार्टफोन घेऊन दिला की आपण उत्साहात एका दुपारीच व्हॉट्सॲप, युट्यूब, पेमेंट सगळं दाखवून मोकळे होतो, आणि महिन्याभराने बघावं तर फोन फक्त कॉल उचलायला आणि गुड मॉर्निंग बघायला वापरला जातोय. माझं म्हणणं सरळ आहे, ज्या कामासाठी त्यांना ऊन्हातान्हात बाहेर पडून रांग लावावी लागते ना, ते काम आधी फोनवर आणा, बाकी सगळं नंतर. एक खेप वाचली की पुढचं काय काय होतं ते त्यांचे तेच विचारायला लागतात.

पण त्याआधी नंबर. जुन्या फोनचं सिम मोठं असेल तर नव्यात बसत नाही, ते कापत बसू नका, कंपनीच्या दुकानातून बदलून घ्या, मोबाईल नंबर तोच राहतो. फक्त नव्या सिमवर जुने सेव्ह केलेले नंबर आपोआप येत नाहीत, त्यामुळे दुकानात जायच्या आधीच महत्त्वाचे नंबर वहीत उतरवून घ्या. मग ते नव्या फोनमध्ये टाकताना सिमवर नाही तर गुगल अकाउंटवर सेव्ह करा, म्हणजे फोन हरवला तरी नंबर जात नाहीत. भाषा मराठी, अक्षरं मोठी, पहिल्या स्क्रीनवर चारपाचच आयकॉन. आणि कीबोर्डवरचा माईक दाखवाच, मराठीत बोललं की टाईप होतं हे कळल्यावर निम्मी भीती तिथेच जाते.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी सोय, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरला बँकेत तोबा गर्दी असते, गुडघे दुखत असताना तिथे बसून राहायचं, आणि बोटं झिजली असली की अंगठा मशीनवर उमटतच नाही. 2021 पासून हे काम चेहरा दाखवून घरी करता येतं. अँड्रॉइड फोनवर दोन ॲप घ्यायची, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. आधी ऑपरेटर म्हणून कुणीतरी स्वतःचा आधार नंबर आणि चेहरा देऊन नोंद करायची (मुलगा, सून कुणीही, किंवा पेन्शनर स्वतःच), मग पेन्शनरचा आधार, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा नंबर), खाते नंबर भरायचा, हे सगळं आधीच एका कागदावर काढून ठेवा कारण मध्येच शोधाशोध सुरू झाली की माणूस वैतागतो. चेहरा स्कॅन करताना उजेड समोरून हवा, खिडकीकडे पाठ केली की होत नाही, चष्मा काढून ठेवा आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. झालं की प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा, मेसेज येतो, तो जपून ठेवा. केंद्र सरकारच्या आणि ईपीएफच्या पेन्शनला हे चालतं, बाकीच्यांनी आपल्या पेन्शन ऑफिसात एकदा विचारून घ्या.

त्यानंतर लाईट बिल, ते सोपं आहे, महावितरणच्या ॲपमध्ये बिलावरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक एकदा टाकून ठेवला की दर महिन्याला बिल दिसतं. गावाकडे शेती असेल तर सातबारा, नुसता बघायचा तर भूलेख या सरकारी वेबसाईटवर फुकट, आणि कामासाठी डिजिटल सहीचा हवा तर 15 रुपयांत मिळतो, तलाठी कधी भेटतील याची वाट बघायला नको. गाडी चालवत असतील तर लायसन्स आणि आरसी डिजीलॉकर या सरकारी ॲपमध्ये घ्या, ते पोलिसांना चालतं, गॅलरीतला नुसता फोटो चालत नाही.

पैसे मात्र सगळ्यात शेवटी, बाकीचं हाताखालून गेल्यावरच. यूपीआयसाठी मोठी रक्कम असलेलं खातं जोडू नका, वेगळं छोटं खातं जोडा, त्यात चारपाच हजार ठेवा, भाजी, दूध, औषधांना पुरतात. पहिले काही व्यवहार तुमच्यासमोर, ओळखीच्या दुकानात, क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानदाराचं नाव मोठ्याने वाचून मगच पिन. आणि हे पुन्हा पुन्हा सांगा की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कुणी पिन टाका पैसे येतील म्हणाला की फोन ठेवायचा. आज रात्री लाईट कापणार असा मेसेज, चलन भरा म्हणून आलेली एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी), व्हिडिओ कॉलवरचा पोलीस, हे सगळं खोटं, घाबरून काही करायचं नाही, आधी घरी विचारायचं. तरी पैसे गेलेच तर ओरडू नका हो, ओरडलात तर पुढच्या वेळी लपवतील आणि इथे वेळेलाच किंमत आहे, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा आणि बँकेला कळवा. हा नंबर कॉन्टॅक्टमध्ये आजच सेव्ह करून द्या, मराठीत, "पैसे गेले तर" या नावाने.