दळण, बिढार, मारबत : जुनं रोजचं जगणं शोधायची रीत

जुनं नागपूर म्हटलं की बहुतेक जण भोसल्यांच्या वाड्याकडे वळतात. घरात पहाटे कोण उठायचं, पीठ कोण दळायचं, पाहुणा कुठं उतरायचा, हे मात्र पोथ्यांतून, ओव्यांतून आणि सणांतून काढावं लागतं. त्यासाठी एका वेळी एकच काम धरा : दळण, पाणी, सरपण किंवा बाजार. ‘जुनं जीवन’ असा अख्खा विषय घेतला की वही भरते आणि हाती काही लागत नाही.

वहीत पाच रकाने आखा : मूळ ओळ, वस्तू, क्रिया, ती करणारा माणूस, आणि ओळ कुठली (पान किंवा गाव). प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा : गोष्ट मिरवलेली आहे की ओघात आलेली? ओवीत भावाला सोन्याचं ताट वाढलेलं असतं, ती बहिणीची हौस आहे. त्याच ओवीत ती भावासाठी पहाटे उठून ज्वारी दळत असेल, तर ते घरातलं खरं काम. पुरावा बहुतेक वेळा ओघात आलेल्या शब्दात सापडतो.

वाचनाला लीळाचरित्र घ्या. तेराव्या शतकातला हा गद्य ग्रंथ म्हाइंभटांनी आपल्या विदर्भातल्याच रिद्धपुरात सिद्ध केला. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी असल्यामुळे त्यात दिवसाचा क्रम पुन्हा पुन्हा येतो, आणि तो पकडायला मोजके शब्द पुरतात : ‘उपहुड’ म्हणजे झोपेतून उठणं, ‘विहरण’ म्हणजे फेरफटका, ‘आरोगणा’ म्हणजे जेवण, ‘पहुड’ म्हणजे निजणं, ‘बिढार’ म्हणजे मुक्कामाची जागा. आपलं बिऱ्हाड यातूनच आलं. पेन्सिलीनं या शब्दांवर खुणा करत गेलात की दिवसाचे तुकडे आपोआप पडतात. मग तुकड्यांच्या मधलं वाचा : स्वामींच्या शिष्या बाइसा काय करताहेत, कोण काय घेऊन आलं, दाम कशाला दिले.

इथं दोन चुका हमखास होतात. आरोगणा, पहुड हे आदराचे शब्द आहेत. तो दिनक्रम एका पूज्य पुरुषाचा आहे, शेतकऱ्याच्या माथी तो मारू नका. दुसरं, या ग्रंथाचे पाठ, म्हणजे मजकुराची वेगवेगळी रूपं, अनेक आहेत. मूळ पोथी हरवल्यावर आठवणीतून तो पुन्हा जुळवला, अशी परंपरा आहे. म्हणून एकाच शब्दावर निष्कर्ष बांधायचा असेल, तर दुसरा पाठ पाहिल्याशिवाय बांधू नका.

ओव्या गोळा करताना सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘आजी, ओव्या येतात का?’ असं विचारलं तर ‘विसरली आता’ एवढंच उत्तर येतं. ‘भावाची म्हणा’, ‘माहेराची म्हणा’ असं म्हणा, कारण ओव्या नात्यांनुसार आठवतात. शक्य असेल तर जातं मांडा. हात खुंट्यावर पडला की शब्द येतात, नुसतं बसून ताल सापडत नाही. रिकामं जातं मात्र फिरवू नका, दगडावर दगड घासून पिठात कच येते. मूठ मूठ ज्वारीची वैरण (जात्याच्या तोंडात टाकायचं धान्य) घाला. मोबाईल जमिनीवर ठेवला तर घरघर शब्दांवर चढते. तो घडी घातलेल्या चादरीवर, गाणारीच्या तोंडाच्या बाजूला ठेवा. नंतर तीच ओवी जात्याशिवाय म्हणायला सांगा. शब्द बदलतील, दोन्ही लिहा.

लिहिताना बोली सुधारू नका. ‘कायी’ म्हटलं तर ‘काळी’ करू नका, ‘भाकर’ची ‘भाकरी’ करू नका. आणि माहेर विचाराच. नागपूरच्या महाल भागात पन्नास वर्षं राहिलेल्या आजीची ओवी भंडाऱ्याची किंवा वर्ध्याची असू शकते.

काळ ठरवताना वस्तू कामी येतात. नागपुरात रेल्वे १८६७ मध्ये आली, एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. आगगाडी किंवा मिलचा भोंगा आलेली ओळ त्याआधीची नाही. पण हे त्या एका ओळीपुरतंच. जुन्या चालीत नवी वस्तू बसवायची सवय गाणाऱ्या बायांना होती, त्यामुळे बाकीची ओवी कितीतरी जुनी असू शकते.

सणांकडेही असंच पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली भोसल्यांची राणी बाकाबाई, हीही परंपराच. बाकाबाई वारल्या १८५८ मध्ये. म्हणजे ही मिरवणूक बाकाबाईंनी काय केलं हे सांगत नाही, राज्य गेल्यावर कितीतरी वर्षांनी लोकांच्या मनात काय खदखदत होतं ते सांगते. रोजच्या जगण्यासाठी आरोळी ऐका : ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’. त्यापुढे रोगराई, खोकला, महागाई अशी जी यादी लोक जोडतात, ती बडग्यांवरच्या (मिरवणुकीतल्या पुरुषी पुतळ्यांवरच्या) मजकुरासह दर वर्षी तारीख घालून उतरवा. कशाची भीती टिकली आणि कशाची नवी आली, हे चार-पाच वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

हिशेबाचे कागद हाती आले तर : शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंत ७९). रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै, आणि मणाचे ४० शेर. पायलीचं माप मात्र गावागणिक बदलायचं. त्यामुळे पायलीचा आकडा किलोत बदलू नका, ‘पायली’ असाच लिहा आणि शेजारी गावाचं नाव टाका.