सशाने ट्रे सोडला, तर आधी काय बघाल?

इतके दिवस शी-शूसाठी शहाण्यासारखा ट्रेमध्ये बसणारा ससा अचानक सतरंजीवर मुतायला लागला, तर त्याच्यावर ओरडू नका. शिक्षेतून ससा काही शिकत नाही, फक्त आपल्याला घाबरायला लागतो.

पहिल्यांदा, बाहेर नेमकं काय पडलंय ते बघा. ट्रेभोवती थोड्या कोरड्या लेंड्या पडणारच. घरभर विखुरल्या असतील तर ती बहुधा हद्दीची खूण: नवा ससा, मांजर, बदललेली खोली, काय नवीन घडलंय ते आठवा.

लघवी असेल तर मात्र आधी सशांची माहिती असलेले डॉक्टर गाठा. लघवीचा रंग पिवळा, नारिंगी, कधी पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे लालसरही असतो. नुसत्या रंगाने घाबरू नका. पण ससा कुंथतोय, थेंब थेंब होतेय, मागचे पाय ओले राहतायत किंवा खाली पांढरा दाट गाळ साचतोय, तर मूत्राशयाचा त्रास असू शकतो. सशाच्या शरीरातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे जातं, आणि आपल्याकडे सशाला रोज लसूणघास घालायची सवय. त्यात कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिल्लाला चालतं, मोठ्या सशाचं मुख्य खाणं मात्र साधं सुकं गवतच हवं. पाणी वाडग्यात ठेवा, बाटलीपेक्षा जास्त प्यायलं जातं. आणि कळकळीने सांगते, घरात उरलेली अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची गोळी देऊ नका. पोटात गेलेलं हे औषध सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि ससा दगावू शकतो.

तब्येत ठीक निघाली तर वय बघा. साधारण चार ते सहा महिन्यांत ससा वयात येतो आणि मुतून हद्द आखायला लागतो. त्यावर खरा उपाय नसबंदी. त्यानंतरही सवय निवळायला काही आठवडे जातात. मादीची तर करावीच, गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका टळतो. म्हाताऱ्या सशाचे सांधे दुखतात, त्याला उंच कडेवरून उडी जमत नाही. ट्रेची एक बाजू कापून खाली करा.

मग ट्रेकडे वळा. ससा आत आरामात वळेल एवढा तो मोठा हवा. खाली वर्तमानपत्र, वर गवत. ससा चरता चरताच लेंड्या टाकतो, म्हणून खायचं गवतही ट्रेच्याच एका टोकाला ठेवा. मांजरांच्या ट्रेत घालतात ती, ओली झाली की गोळा होणारी माती नको, पोटात गेली तर अडकते. त्याने दुसरा कोपरा निवडला असेल तर हट्ट सोडा, ट्रेच तिकडे न्या. बाहेरचे डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, ट्रे धुताना मात्र वासासाठी मुतलेल्या कागदाचा एक तुकडा मागे ठेवा.

गादी, सोफा अशा मऊ जागा थोडे दिवस बंद ठेवा. आठवडाभर फरशी कोरडी राहिली की एक खोली उघडा, मग पुढची.