गोल्डफिशला विसराळू समजू नका : या चुका टाळा

गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की छोट्या गोल काचपात्रात मासा ठेवणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. एक फेरी संपेपर्यंत मासा ती विसरलेला असतो, मग त्याला कंटाळा कसा येणार, असे समर्थनही ऐकायला मिळते. हे खरे नाही. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील प्रयोगात गोल्डफिश तरफ दाबून अन्न मिळवायला शिकले आणि ही सोय दिवसातून ठरावीक तासभरच ठेवल्यावर त्याच वेळेच्या सुमारास तरफेपाशी येऊ लागले. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर सहा गोल्डफिशनी चाकांवर बसवलेली पाण्याची टाकी स्वतःच्या पोहण्याच्या दिशेने चालवत ठरलेल्या रंगीत फलकापर्यंत नेली. असा प्राणी पसाभर पाण्यात ठेवणे ही पहिली चूक होय. अशा पात्रात विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा विषारी अमोनियाही झपाट्याने साचतो, हे वेगळेच.

दुसरी चूक मी सर्वाधिक पाहिली आहे आणि ती मायेपोटी होते. तुम्ही टाकीजवळ गेलात की मासा काचेशी येऊन तोंड उघडमीट करतो, आणि घरातील प्रत्येकाला तो उपाशी वाटतो. वास्तविक माणूस दिसला की खाणे मिळते, हे तो शिकलेला असतो. गोल्डफिशला जठर नसते, त्यामुळे एका वेळी भरपूर अन्न साठवून ठेवणे त्याच्या शरीराला जमत नाही, आणि उरलेले दाणे तळाशी कुजून पाणी बिघडवतात. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाणे, आणि तेही घरातील एकानेच द्यावे.

मात्र मागणे आणि गुदमरणे यांत गल्लत करू नये. कोणीही जवळ नसताना, विशेषतः पहाटे, मासा पृष्ठभागाशी येऊन हवा ओढत असेल तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे किंवा अमोनियामुळे कल्ल्यांना इजा झाली आहे, असे समजून एअर पंप तपासावा आणि टेस्ट किटने पाणी मोजावे. अमोनिया आणि त्यापासून पाण्यात तयार होणारे, तेही घातक असलेले नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. तसे नसल्यास अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे द्रावण) घातलेल्या, टाकीतील पाण्याइतक्याच तापमानाच्या पाण्याने टाकीतील सुमारे पाव भाग पाणी बदलावे. रोज हाताशी येणारा मासा अचानक कोपऱ्यात बसू लागला, तर तो तुम्हाला विसरला असे मानण्याआधीही हीच तपासणी करावी.

जाळीने टाकीभर पाठलाग करणे हीसुद्धा टाळण्याजोगी चूक आहे. ऑस्ट्रेलियातील रेनबोफिशवर केलेल्या प्रयोगात, पुढे सरकणाऱ्या जाळ्यातील एकुलत्या छिद्रातून निसटायला हे मासे सुमारे पाच फेऱ्यांत शिकले आणि अकरा महिन्यांनंतरही ती वाट त्यांना आठवत होती. भीतीचा अनुभवही असाच टिकू शकतो. म्हणून मासा पकडताना पारदर्शक भांडे पाण्यात आडवे धरून त्याला हळूच आत वळवावे, आणि जिथे खाणे देता तिथे ते कधीही धरू नये.

शिकवायचे असेल तर खूण एकच ठेवावी, जसे एखादी लाल काडी, आणि माशाने तिला स्पर्श करताच दाणा द्यावा. बक्षिसाला उशीर झाला की खूण आणि अन्न यांची सांगड त्याला घालता येत नाही. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. काचेवर टिचक्या मारून लक्ष वेधू नये, कारण पाण्यातील कंपने त्याला अंगावरील पार्श्वरेषेने, म्हणजे दोन्ही कुशींवरच्या कंपने टिपणाऱ्या संवेदी रेषेने, जाणवतात. फायटर माशाला आरसा दाखवून पर फुलवायला लावणे हा काहींना खेळ वाटतो, पण त्या वेळी तो समोर प्रतिस्पर्धी आहे असे समजून लढायच्या तयारीत असतो. काही क्षणांतच आरसा काढून घ्यावा, आणि एकट्या माशाला काही बदल हवाच असेल तर आठवड्याने एखादा दगड किंवा वनस्पती हलवावी, पण लपायची जागा आहे तिथेच राहू द्यावी.