घरच्या बागेत मित्रमैत्रिणींसोबत विणकामाची बैठक कशी जमवावी

विणकाम आणि बागकाम हे दोन्ही छंद सवडीने करण्याचे असले, तरी दोघांची सवड सारखी नसते. कुंडीतले रोप कोमेजू लागले की त्याला पाणी त्याच दिवशी द्यावे लागते. अर्धवट विणलेली बाही मात्र महिनाभर पिशवीत राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. त्यामुळे हे दोन छंद एकाच बैठकीत, आणि तेही चार जणांच्या सोबतीने जमवायचे असतील, तर बैठकीची वेळ बागेच्या सोयीने ठरवावी आणि विणायला काय घ्यायचे ते गप्पांच्या सोयीने ठरवावे. अनेकदा नेमके याच्या उलट घडते. मंडळी आपल्या सोयीने भर दुपारी जमतात, तेव्हा बागेत करण्यासारखे काही नसते. आणि प्रत्येकाच्या हातात अशी जाळीची वीण असते की टाके मोजताना कोणी काही विचारले तर कपाळाला आठ्या पडतात.

वेळ आणि जागा

उष्ण हवेत सकाळ उत्तम. सकाळी घातलेले पाणी ऊन चढण्याआधी मुळांपर्यंत पोहोचते आणि पानांवर उडालेले थेंब दिवसा वाळून जातात, त्यामुळे बुरशीचा धोका कमी होतो. बागेतले काम अर्ध्या-पाऊण तासात उरकावे आणि ऊन तापू लागले की सावलीत विणायला बसावे. थंडीच्या दिवसांत हाच क्रम ठेवून बैठक कोवळ्या उन्हाच्या वेळेकडे सरकवता येते. संध्याकाळची बैठक कानाला गोड वाटते खरी, पण उजेड उतरू लागला की गडद लोकरीवरचे टाके दिसेनासे होतात. संध्याकाळीच जमायचे असेल, तर सर्वांनी फिकट रंगाची लोकर आणावी.

बसण्यासाठी हात नसलेल्या खुर्च्या किंवा बाक निवडावेत, म्हणजे कोपरे मोकळी राहतात. लटकत्या कुंड्यांखाली बसू नये, कारण पाणी घातल्यानंतर बराच वेळ त्या ठिबकत राहतात आणि मातकट थेंबाचा डाग फिकट लोकरीवरून सहज जात नाही. लोकरीचा गुंडा जमिनीवर सोडण्याऐवजी खोलगट वाडग्यात किंवा तोंड आवळता येईल अशा पिशवीत ठेवावा. गुंडा घरंगळत गेला की त्याला वाळलेली पाने आणि मातीचे कण चिकटतात, आणि ते वेचत बसणे हे दोन्ही छंदांतले सर्वांत कंटाळवाणे काम आहे. चार ते सहा जण असले तर सगळ्यांच्या गप्पा एकच राहतात. त्याहून अधिक झाले की दोन गट आपोआप पडतात. लहान गच्चीत तर दोघेही पुरेसे.

आधी माती, मग लोकर

हा क्रम मोडू नये. एकदा हात धुऊन विणायला बसले, की मध्येच उठून कुंडी हलवण्याचा मोह टाळावा. बागेतली कामेही सोबतीने करता येतील अशीच निवडावीत: शेंडे खुडणे, वाळलेली फुले काढणे, पाने उलटून खालच्या बाजूला मावा किंवा पांढरी माशी (रस शोषणाऱ्या बारीक किडी) आहे का ते पाहणे, एखाद-दुसरी कुंडी बदलणे. कुंडी बदलताना नवी कुंडी जुनीपेक्षा ३ ते ५ सेंटिमीटरच अधिक रुंद घ्यावी, कारण फार मोठ्या कुंडीतली जादा माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात. पाणी घालण्यापूर्वी बोट साधारण २ सेंटिमीटर मातीत खुपसून पाहावे. तेथे ओल लागली तर बहुतेक रोपांना त्या दिवशी पाण्याची गरज नसते. मदतीला आलेल्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर उत्साहाच्या भरात एकाच कुंडीला तिघे जण पाणी घालतात.

जाड फांद्या छाटण्याचे काम मात्र बैठकीच्या दिवशी ठेवू नये. छाटणीच्या कात्रीने मनगट आणि अंगठा थकतो, आणि विणताना पुन्हा त्याच स्नायूंवर भार येतो. विणतानाही अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटे ताणावीत, खांदे सैल करावेत.

हात धुताना नखांखालची माती मऊ ब्रशने काढावी. हात पूर्ण कोरडे करून थोडे मलम लावावे आणि ते मुरेपर्यंत दहा मिनिटे थांबावे, कारण तेलकट बोटांचा डाग लोकरीवर उमटतो, तर भेगाळलेल्या बोटांत लोकरीचे तंतू अडकून धागा पिंजतो. नियमित बागकाम करणाऱ्यांनी खुरपे हातात घेताना पातळ हातमोजे घातले तर ही अडचण मुळातच कमी होते.

गप्पांना झेपेल असे विणकाम

आता या बैठकीचा गाभा. सोबतीने विणण्याच्या कामाची कसोटी एकच: समोरच्याकडे पाहून बोलताना हात चालू राहिले पाहिजेत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी फक्त सुलट टाके (धागा सुईमागे ठेवून विणलेले; धागा पुढे घेऊन विणला तर तो उलट टाका) असलेली वीण सर्वांत बरी. तिच्या कडा गुंडाळल्या जात नाहीत, उलट-सुलटाचा हिशेब ठेवावा लागत नाही आणि ओळी मोजणेही सोपे असते, कारण दर दोन ओळींना एक उंच रेघ तयार होते. दहा रेघा म्हणजे वीस ओळी. नवशिक्यांनी मध्यम जाडीची लोकर आणि ४.५ ते ५ मिलिमीटरच्या लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्याव्यात. धातूच्या सुयांवरून टाके लवकर घसरतात आणि उन्हात त्या तापतातही. दाटीने बसायचे असेल तर मध्ये तार असलेली गोल सुई अधिक सोयीची, कारण तिची टोके शेजाऱ्याच्या कोपराला लागत नाहीत, विणलेल्या भागाचे वजन मांडीवर राहते आणि एक सुई कुंड्यांमागे पडून हरवण्याचा प्रश्नच येत नाही.

उठण्यापूर्वी ओळ पूर्ण करण्याची सवय लावून घ्यावी. तरीही कोणी हाक मारली आणि काम ओळीच्या मध्येच सुटले, तर परत आल्यावर नेमके कोणत्या दिशेने विणायचे हे कळत नाही. अशा वेळी गुंड्याकडे जाणारा धागा पाहावा. तो ज्या सुईवरच्या टाक्यातून निघालेला असतो ती सुई उजव्या हातात धरावी आणि डाव्या हातातल्या सुईवरचे टाके विणत पुढे जावे. डावखुऱ्या पद्धतीने विणणाऱ्यांनी हात उलटे समजावेत.

पहिल्या काही बैठकांसाठी सर्वांनी मिळून एकच वस्तू करावी असे सुचवावेसे वाटते. कुंड्यांपाशी वाकून काम करताना गुडघ्यांखाली घेण्याची गादी त्यासाठी फार योग्य आहे. प्रत्येकाने सुलट विणीचा २० सेंटिमीटरचा चौकोन विणावा. सारख्या जाडीची लोकर असली तरी प्रत्येकाचा हात वेगळा, कोणाचा घट्ट तर कोणाचा सैल, म्हणून सर्वांना टाक्यांची एकच संख्या न सांगता माप सांगावे आणि प्रत्येकाने आपापले टाके ठरवावेत. सहा चौकोन जोडले की ४० बाय ६० सेंटिमीटरची एक बाजू तयार होते. दुसरी बाजू जुन्या जाड कापडाची करून आत फोमचा तुकडा घालावा. या गादीसाठी सुती धागा किंवा अ‍ॅक्रिलिक घ्यावे. ती वारंवार मळणार आणि धुवावी लागणार, आणि अस्सल लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आक्रसून नमद्यासारखी होते.

कुंडीचे आवरण

हात थोडा बसला की कुंडीसाठी आवरण विणता येते. कुंडीचा रुंदीकडचा घेर मोजावा आणि त्यातून सुमारे दहावा हिस्सा वजा करावा, कारण विणलेले कापड ताणते आणि मापाबरहुकूम केलेले आवरण काही दिवसांतच सैल होऊन खाली घसरते. समजा, घेर ४० सेंटिमीटर आहे. तर आवरण ३६ सेंटिमीटरचे हवे. दोन सुलट, दोन उलट अशा विणीचा नमुन्याचा तुकडा विणून, तो हलका ताणून मोजल्यावर १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके भरत असतील, तर ३६ सेंटिमीटरला सुमारे ६५ टाके लागतात. ही वीण चार टाक्यांच्या पटीत बसते, म्हणून ६४ धरावेत आणि शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका जातो म्हणून २ वाढवून ६६ टाके घालावेत. सुलट बाजूची ओळ दोन सुलट टाक्यांनी सुरू होऊन दोन सुलट टाक्यांनीच संपते. उलट बाजूची ओळ दोन उलटांनी सुरू होते. कुंडीच्या उंचीपेक्षा ३ सेंटिमीटर अधिक विणून टाके सैल हाताने बंद करावेत आणि कडा जोडाव्यात. कुंडी खाली निमुळती असली तरी चालते, कारण ही उभ्या रेघांची वीण स्वतःच आवळून बसते.

हे आवरण भाजलेल्या मातीच्या कुंडीवर थेट चढवू नये. तिच्या भिंतीतून ओल बाहेर झिरपत असते. आवरण ती धरून ठेवते आणि त्यावर बुरशी येते. प्लॅस्टिकच्या कुंडीला ही अडचण नाही. उलट काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात चांगलीच तापते, तेथे फिकट रंगाचे आवरण मुळांवरचा ताप काहीसा कमी करते. पाणी घालताना मात्र ते खाली सरकवावे किंवा काढून ठेवावे.

बाहेरगावी जाताना उपयोगी पडणारी दोरी

बागेच्या खऱ्या उपयोगाचे विणकाम म्हणजे तीन टाक्यांची गोल दोरी. दोन्ही टोके उघडी असलेल्या सुईवर किंवा गोल सुईवर तीन टाके घालावेत आणि ते सुलट विणावेत. मग सुई न फिरवता टाके तसेच दुसऱ्या टोकाकडे सरकवावेत, मागून येणारा धागा थोडा आवळून घ्यावा आणि पुन्हा तीन सुलट विणावेत. पाच-सहा ओळींनंतर मागची फट मिटते आणि नळीसारखी दोरी तयार होऊ लागते. हात एकदा बसला की याइतके बिनडोक्याचे, आणि म्हणूनच गप्पांना सोयीचे, दुसरे विणकाम नाही.

सुती धाग्याची ही दोरी वेल किंवा टोमॅटोचे झाड काठीला बांधायला वापरावी. ती मऊ असल्याने खोड कापले जात नाही. मात्र खोड आणि काठी यांच्यामध्ये दोरीला एक पीळ देऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ घालावी, म्हणजे खोडाला जाड व्हायला जागा राहते.

हीच दोरी पाण्याची वात म्हणूनही चालते. तिचे एक टोक रोपाच्या मुळांजवळ ५ ते ७ सेंटिमीटर खोल पुरावे आणि दुसरे टोक शेजारच्या पाण्याच्या भांड्यात तळापर्यंत सोडावे. तंतूंमधल्या सूक्ष्म फटींतून पाणी वर चढते आणि माती वाळेल तसे झिरपत राहते. नव्या सुती धाग्यात मेणचट अंश असतो आणि तो पाणी शोषू देत नाही, म्हणून दोरी आधी साबणाच्या गरम पाण्यात धुऊन घ्यावी आणि लावतानाही पूर्ण भिजवूनच लावावी. या कामाला अ‍ॅक्रिलिकची दोरीसुद्धा चांगली चालते. तिचे तंतू स्वतः पाणी फारसे शोषत नसले तरी तंतूंमधून पाणी वाहते, आणि सुती दोरी मातीत काही महिन्यांत कुजते तशी ती कुजत नाही. आठवड्यासाठी बाहेर जायचे असेल तर दोन-तीन दिवस आधी वात लावून माती ओलसर राहते का ते पाहावे. डासांचा त्रास असेल तेथे भांड्याला झाकण असावे आणि वात जाईल एवढेच भोक त्याला ठेवावे.

न विणणाऱ्यांना काम

मंडळींत एखाद-दुसरा असा असतोच की त्याला बागेची आवड आहे पण सुया हातात धरायच्या नाहीत. त्याला लोकरीची लडी, म्हणजे गुंडा न केलेले सैल वेटोळे, धरायला द्यावी. दोन हात ताणून लडी धरणारा आणि समोर बसून गुंडा करणारा अशी जोडी या कामाला लागतेच. एकट्याने खुर्चीच्या पाठीवर लडी अडकवून करण्यापेक्षा ते दोघांनी भराभर होते. गुंडा करताना धागा तीन बोटांवरून गुंडाळावा आणि थोड्या वेढ्यांनी बोटे काढून घेऊन गुंड्याची दिशा बदलावी. बोटांची जागा रिकामी राहिल्याने गुंडा सैल होतो. ताणून घट्ट केलेल्या गुंड्यातली लोकर ताणलेल्या अवस्थेतच विणली जाते, आणि पहिल्या धुण्यात वस्तू आखडते.

देवाणघेवाण

उठताना कोणी कोलियसच्या (रंगीत पानांच्या झाडाच्या) फांद्या मागते, कोणी उरलेली लोकर. मनीप्लांटची फांदी देताना निदान एक पेर तिच्यावर असावे, कारण मुळे पेरापाशीच फुटतात; नुसते पान पाण्यात ठेवले तर ते दिवसेंदिवस हिरवे राहते पण त्याचे रोप होत नाही. घरी आणलेले नवे रोप दोन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे आणि पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसतो का ते पाहावे. जुन्या लोकरीलाही हाच न्याय लावावा. गुंड्यात तुटके धागे, बारीक भोके किंवा जाळीसारखे धागे दिसले तर तिला कसर लागली आहे असे समजावे आणि ती आपल्या साठ्यात मिसळू नये.

विणताना कापलेले अस्सल लोकरीचे आणि सुती धाग्याचे, न रंगवलेले तुकडे बारीक करून कंपोस्टच्या डब्यात टाकता येतात. लोकर कुजायला बराच वेळ लागतो, पण ती कुजते. अ‍ॅक्रिलिकचे तुकडे तेथे टाकू नयेत. ते वेगळ्या पिशवीत साठवावेत आणि पुरेसे जमले की गुडघ्यांखालच्या गादीत भरावेत.