साइटवरचे शेकडो लेख ग्राफक्यूएलने कसे बदलावेत

मी एका नियतकालिकाच्या साइटवरचा मजकूर सांभाळते. जुने लेख हजाराच्या घरात आहेत, आणि एकेक लेख उघडून करायचं म्हटलं तर आठवडा खाईल असं काम दर काही महिन्यांनी निघतंच. कधी शीर्षकात घुसलेली लेखकांची नावं वेगळ्या रकान्यात न्यायची असतात, कधी दोन विभाग एकत्र करायचे असतात. ही कामं मी ग्राफक्यूएलमधून करते.

सर्व्हरकडे माहिती मागायची आणि बदलायची ही भाषा फेसबुकमध्ये २०१२ साली तयार झाली आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. रेस्ट या दुसऱ्या प्रचलित पद्धतीत लेखांना एक पत्ता, लेखकांना दुसरा, आणि सर्व्हर देईल तेवढं सगळं घ्यायचं. इथे पत्ता बहुतेक वेळा एकच असतो आणि आपल्याला नेमकं काय हवं ते आपण लिहून द्यायचं. वाचायची मागणी म्हणजे क्वेरी, बदलाची मागणी म्हणजे म्युटेशन. पुढचे तपशील वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या डब्ल्यूपीग्राफक्यूएल प्लगइनचे (जोड-सॉफ्टवेअरचे) आहेत, कारण माझा हात त्यावर बसलाय. दुसरीकडे फील्डची, म्हणजे माहितीच्या रकान्यांची, नावं बदलतील, पण कामाची रीत हीच.

प्लगइन सुरू केलं की अॅडमिनमध्येच क्वेरी लिहून बघायची जागा मिळते. तिथे पहिला अर्धा तास फक्त स्कीमा, म्हणजे काय मागता आणि बदलता येतं त्याचा नकाशा, वाचण्यात घालवा. लेखाला कोणती फील्ड आहेत, कोणत्या म्युटेशनला काय द्यावं लागतं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. देण्याच्या फील्डपुढे उद्गारचिन्ह दिसलं तर ती माहिती दिल्याशिवाय मागणी पुढे जात नाही. चौकटी कंस म्हणजे यादी.

मग जे बदलायचंय ते आधी वाचून घ्या. मी आयडी, शीर्षक, स्थिती आणि विभाग एवढंच मागते. मजकूर बदलायचा नसेल तर तो मागवतच नाही, उत्तर लवकर येतं. किती लेख हवेत ते सांगितलं नाही तर १० मिळतात, आणि कितीही मोठा आकडा दिला तरी एका वेळी १०० च्या वर मिळत नाहीत. म्हणून उत्तरात ‘पुढचं पान आहे का’ आणि ‘शेवटचा कर्सर’ (यादीत कुठवर आलो त्याची खूण) ही दोन फील्ड मागायचीच, आणि तो कर्सर पुढच्या क्वेरीला द्यायचा, ‘पुढे काही नाही’ असं उत्तर येईपर्यंत. ड्राफ्ट हवे असतील तर लॉगिनही लागतं आणि तशी अटही घालावी लागते, नाहीतर फक्त प्रकाशित लेख येतात. ही सगळी उत्तरं एका फाइलमध्ये ठेवा. काही बिघडलं तर जुनी शीर्षकं परत आणायला हीच फाइल उपयोगी पडते.

आता म्युटेशन. नवं शीर्षक क्वेरीच्या वाक्यात चिकटवू नका, व्हेरिएबलमधून, म्हणजे वाक्याबाहेर वेगळं ठेवून, पाठवा. आपल्या शीर्षकांत दुहेरी अवतरणं असतात, मजकुरात ओळी तुटतात, आणि चिकटवलेली क्वेरी तिथेच मोडते. जे फील्ड बदलायचं नाही ते पाठवायचंच नाही. फील्ड रिकामं पाठवणं म्हणजे ‘हे राहू द्या’ नव्हे, ‘हे पुसा’. विभाग बदलताना ‘अपेंड’ हा पर्याय स्वतः लिहून द्या: त्यात ‘खरं’ (ट्रू) असेल तर नवा विभाग जुन्यांच्या जोडीला लागतो, ‘खोटं’ (फॉल्स) असेल तर जुने जाऊन नवा येतो. दोन विभाग एकत्र करताना इथे नीट विचार करावा लागतो, कारण लेखाला तिसराही विभाग लावलेला असू शकतो आणि तो नकळत उडतो.

आणि म्युटेशनच्या उत्तरात बदललेलं फील्ड परत मागा. आयडीवर समाधान मानू नका, नवं शीर्षकच मागा आणि ते पाठवलेल्या शीर्षकाशी जुळवा.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. एकदा ३१२ लेखांची शीर्षकं बदलायची होती. माझी स्क्रिप्ट प्रत्येक मागणीचा एचटीटीपी क्रमांक (सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो तो निकालाचा आकडा) बघत होती आणि सगळीकडे २००, म्हणजे ‘ठीक’, येत होतं, म्हणून मी काम झालं असं कळवून टाकलं. तीन आठवड्यांनी एका कवयित्रीने विचारलं, माझं नाव अजून शीर्षकातच का? तेव्हा कळलं की ज्या खात्याचं टोकन (ओळख पटवणारी किल्ली) मी वापरलं होतं त्याला फक्त स्वतःचे लेख बदलायची मुभा होती. बाकीच्या लेखांना नकार आला होता, पण तो उत्तराच्या आत, ‘एरर्स’ या चुकांच्या यादीत होता. ग्राफक्यूएलमध्ये मागणी पोचली आणि वाचली गेली की बहुधा २००च येतं, आतलं काम फसलं तरी. तेव्हापासून प्रत्येक उत्तरात मी आधी ती यादी बघते.

एकाच मागणीत अनेक म्युटेशनं पाठवता येतात आणि ती वरून खाली क्रमाने चालतात. पण तिसरं फसलं म्हणून पहिली दोन मागे फिरत नाहीत. म्हणून मी एका मागणीत एकच लेख पाठवते. वेळ जास्त जातो, पण कुठे अडलं ते लगेच दिसतं. आधी एका ड्राफ्टवर, मग पाच लेखांवर, मग उरलेल्यांवर. लेख काढून टाकायचे असतील तर ‘फोर्स डिलीट’ला हात लावू नका. ते न देता लेख ट्रॅशमध्ये जातो आणि परत आणता येतो.

सगळं झाल्यावर सुरुवातीची क्वेरी पुन्हा चालवून नव्या उत्तराची जुन्या फाइलशी तुलना करा. तिथे शीर्षक नवं आणि वाचकाला मात्र जुनंच दिसत असेल तर डेटा ठीक आहे, अडकलंय ते कॅशेमध्ये, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतींमध्ये. तो रिकामा करा. साइटचा दर्शनी भाग वेगळा बिल्ड होत (आधीच तयार करून ठेवला जात) असेल, तर तोही पुन्हा बिल्ड करावा लागतो.